शिडाला सावरणारी आडकाठी

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचा जलाशय अमरावतीकरांना दोन कारणांनी परिचित आहे. शहराचे पाणी तेथून येते आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पाहणाऱ्यांची गर्दी तेथे लोटते. अकोल्याला पाणी पुरवणारे महानचे काटेपूर्णा धरणही असेच घरोघरी ठाऊक आहे. या जलाशयांच्या काठी उभे राहिले की उघड्या पाण्यावरून वाहणारा वारा अंगावर येतो. वाऱ्यावर चालणारी शिडाची होडी मात्र वऱ्हाडच्या नेहमीच्या अनुभवातली नाही. त्यामुळे 'वारा पाठीमागून असला म्हणजे होडी आपोआप पळते' असा समज येथे सहज आढळतो. प्रत्यक्षात पाठीमागचा वारा हाच लहान होडीच्या नावाड्याची खरी परीक्षा पाहतो. त्या वेळी त्याच्या मदतीला येते ती एक साधी काठी, आणि ही काठी ज्यावर टेकते ते डोलकाठीवरचे एक लहानसे कडे.

या काठीला नौकानयनाच्या भाषेत 'व्हिस्कर पोल' म्हणतात. व्हिस्कर म्हणजे मिशी. जुन्या जहाजांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना मांजराच्या मिशांसारख्या दांड्या काढलेल्या असत, त्यांच्यावरून हे नाव रुळले. मराठीत 'आडकाठी' हा शब्द अडथळ्यासाठी वापरला जातो. येथे मात्र डोलकाठीपासून आडवी निघालेली काठी शिडाला उघडे ठेवते आणि होडीला वाट मोकळी करून देते. तिचे कडे डोलकाठीवर कोठे, कशाने आणि कसे बसवावे, हा वरवर पाहता सुताराचा किंवा फिटरचा प्रश्न वाटतो. पण ते चुकीचे बसले तर पोकळ डोलकाठी कमकुवत होते, वेळेवर काठी सुटत नाही आणि होडी उलटण्याचा प्रसंग येतो. म्हणूनच या छोट्या कामामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

पाठीमागचा वारा आणि झाकोळलेले शीड

दोन माणसांच्या लहान होडीला साधारणतः दोन शिडे असतात. डोलकाठीच्या मागे मोठे मुख्य शीड असते आणि त्याचा तळ 'बूम' नावाच्या आडव्या दांडीला बांधलेला असतो. डोलकाठीच्या पुढे लहान तिकोनी शीड असते, त्याला 'जिब' म्हणतात. जिबला खाली दांडी नसते. तिचा मागचा खालचा कोपरा केवळ एका दोरीने ओढून धरलेला असतो. वारा बाजूने येत असला की ही दोरी पुरेशी ठरते, कारण वारा स्वतःच जिबला फुगवून ताणून ठेवतो.

वारा थेट पाठीमागून येऊ लागला की चित्र बदलते. मुख्य शीड एका बाजूला पूर्ण उघडलेले असते आणि जिब त्याच्या आडोशाला येते. खळ्यावर तिव्यावर उभे राहून धान्य उपणणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वाऱ्याच्या तोंडाशी कोणी आडवे उभे राहिले की भुसा उडत नाही, जागीच पडतो. जिबचेही तसेच होते. वारा न मिळाल्याने ती लुळी पडते, फडफडते आणि होडीला काहीच देत नाही.

यावर तोड म्हणून जिब मुख्य शिडाच्या विरुद्ध बाजूला न्यायची असते. एक शीड डावीकडे, दुसरे उजवीकडे, अशी दोन्ही शिडे पंखांसारखी पसरली म्हणजे होडी हंसासारखी दिसू लागते. इंग्रजीतही या मांडणीला 'गूज-विंग' म्हणजे हंसपंखी असेच नाव आहे. अप्पर वर्धाच्या जलाशयाला नल-दमयंती सागर हे नाव देणाऱ्या वऱ्हाडात विदर्भकन्या दमयंतीचा हंस सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा हे नाव येथे परके वाटू नये.

पण नुसती बाजू बदलून जिब तेथे टिकत नाही. होडी लाटेवर जरा डोलली किंवा वारा क्षणभर मंदावला की जिबचा मोकळा कोपरा आत कोसळतो. मग पुन्हा फुगतो, पुन्हा कोसळतो. दर वेळी होडीला हिसका बसतो आणि सुकाणू धरणाऱ्याचे लक्ष विचलित होते. व्हिस्कर पोल हा कोपरा बाहेर ढकलून धरतो. काठीचे एक टोक जिबच्या कोपऱ्यातील धातूच्या डोळ्यात आणि दुसरे टोक डोलकाठीच्या पुढच्या बाजूवरील कड्यात अडकते. तंबूच्या कापडाला बांबूचा टेकू द्यावा, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की तंबूचा बांबू जमिनीत रोवलेला असतो आणि येथे जमिनीचे काम डोलकाठी करते.

मुंबईच्या पाण्यातील एंटरप्राइज

या काठीचे महत्त्व ज्या होडीत सर्वांत स्पष्ट दिसते ती होडी भारतीय नौकानयनाला चांगली परिचित आहे. 'एंटरप्राइज' हे तिचे नाव. जॅक होल्ट या ब्रिटिश रचनाकाराने १९५६ मध्ये तिचा आराखडा केला आणि 'न्यूज क्रॉनिकल' या वृत्तपत्राने त्याला पाठबळ दिले. सुमारे चार मीटर लांबी, दोन माणसे, दोन शिडे आणि दोन्ही मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर कापड असे तिचे स्वरूप आहे. निळी शिडे ही तिची ओळख ठरली.

या होडीला 'स्पिनेकर' नसतो. स्पिनेकर म्हणजे पाठीमागच्या वाऱ्यात होडीपुढे फुग्यासारखे फुलणारे तिसरे मोठे शीड. ज्या होड्यांना ते असते त्या पाठीमागच्या वाऱ्यात तेच उभारतात. एंटरप्राइजच्या नावाड्यांना मात्र जिबवरच भागवावे लागते. त्यामुळे वाऱ्याबरोबर धावण्याच्या टप्प्यात व्हिस्कर पोल लवकर लावणारी आणि वेळेवर काढणारी जोडी पुढे निघून जाते.

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. फायरबॉल वर्गात भारताच्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक पटकावले. एंटरप्राइज वर्गाचे सुवर्ण कराचीच्या बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोशपी आवारी या पारशी दाम्पत्याने पाकिस्तानला मिळवून दिले. बैराम आवारी यांनी १९७८ मध्ये बँकॉकलाही मुनीर सादिक यांच्यासह याच वर्गात सुवर्ण जिंकले होते. फायरबॉलला स्पिनेकर असतो, एंटरप्राइजला नसतो. एकाच समुद्रात, एकाच वाऱ्यात धावणाऱ्या या दोन वर्गांतील कौशल्य म्हणूनच निराळे असते.

पुढे एनसीसीच्या नौदल शाखेतील छात्रांच्या स्पर्धांतही एंटरप्राइज वर्गाच्या होड्या वापरल्या गेल्या. समुद्र न पाहिलेल्या अनेक विद्यार्थ्यांची डोलकाठीशी आणि तिच्यावरच्या कड्याशी पहिली ओळख अशा होड्यांतूनच झाली.

शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही या काठीची दखल घेतलेली आहे. जाइब करण्याची वेळ सोडली तर एका वेळी एकच काठी वापरता येते, आणि वापरात असताना ती सर्वांत पुढच्या डोलकाठीला जोडलेली असावी लागते. काठी हाताने धरून किंवा होडीच्या काठाला टेकवून चालत नाही. याचाच अर्थ असा, की डोलकाठीवरचे कडे ही सोयीची नव्हे, गरजेची वस्तू आहे.

ओढणारे कापड, ढकलणारी काठी

कडे किती मजबूत हवे, हे समजण्यासाठी त्यावर कोणता भार येतो ते पाहावे लागते. वारा जिबला पुढे ढकलतो. तिचा कोपरा एका बाजूने शिडाच्या तळाच्या ताणाने होडीच्या नाळेकडे ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूने दोरीमुळे मागे ओढला जातो. हे दोन्ही ताण कोपऱ्याला आत, होडीच्या मध्यरेषेकडे खेचतात. काठी त्यांना विरोध करते. तिच्या लांबीच्या दिशेने दाब निर्माण होतो आणि तो दाब सरळ डोलकाठीवर जाऊन पोचतो. म्हणजे शीड ओढते, पण कड्याला बसतो तो मुख्यतः धक्का.

एक ढोबळ हिशेब करता येतो. समजा, जिब तीन चौरस मीटरची आहे आणि वारा १० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने वाहतो आहे. अशा वेळी शिडावर एकूण जोर सुमारे ६ किलो वजनाइतका येतो. हे ओझे एका हाताने उचलता येते. पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा २० नॉटवर गेला की जोर दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे सुमारे २४ किलोइतका. मोठ्या होडीवर दहा चौरस मीटरचे शीड असेल आणि वारा २५ नॉटचा असेल तर हाच आकडा १२० किलोच्या आसपास जातो. दोरी प्रमाणाबाहेर ताणली तर काठीवरचा दाब आणखी वाढतो. लाटेच्या हिसक्याने क्षणभर येणारा भार वेगळाच.

म्हणून दुकानात दिसलेले कोणतेही कडे कोणत्याही होडीला चालत नाही. आपल्या होडीची जिब किती मोठी आहे आणि ती किती वाऱ्यात वापरली जाणार आहे, यावरून कड्याची निवड ठरते.

कड्याचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे स्थिर कडे. पोलादाच्या पट्टीवर अर्धवर्तुळाकार डोळा असतो आणि पट्टी डोलकाठीला रिव्हेटने बसवलेली असते. काठीच्या टोकाला आकडा किंवा खटक्याची जबड्यासारखी पकड असते, ती या डोळ्यात अडकते. एंटरप्राइजसारख्या होडीला एवढे पुरे होते. त्यात हलणारा भाग नाही, बिघडण्यासारखे काही नाही आणि किंमतही कमी.

दुसरा प्रकार सरकत्या कड्याचा. डोलकाठीच्या पुढच्या बाजूवर उभी पट्टी बसवतात आणि तिच्यावर कडे वरखाली सरकवून हव्या त्या उंचीवर खिळीने अडकवतात. वेगवेगळ्या आकाराच्या जिब वापरणाऱ्या मोठ्या होड्यांना याचा उपयोग होतो, कारण प्रत्येक जिबचा कोपरा वेगळ्या उंचीवर येतो. लहान होडीवर मात्र ही पट्टी अनावश्यक वजन वाढवते आणि तिच्यासाठी डोलकाठीत छिद्रेही अनेक पाडावी लागतात.

कडे निवडताना एक गोष्ट विसरता कामा नये. काठीच्या टोकाची पकड आणि कड्याची जाडी एकमेकांना जुळली पाहिजे. सैल बसणारी पकड खडखडते आणि झिजते. घट्ट बसणारी पकड शांत पाण्यात सुटते, पण भार आला की अडकून बसते. खरेदीच्या वेळी काठी सोबत नेऊन प्रत्यक्ष अडकवून पाहणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. ओल्या हाताने, एका हाताने आणि न पाहता ती सुटते की नाही, हेही तेव्हाच तपासावे.

उंची मोजून ठरवावी

कडे डोलकाठीच्या अगदी पुढच्या बाजूवर, मध्यरेषेत बसले पाहिजे. ते एका बाजूला सरकले तर एका कुशीवर काठी नीट बसते आणि दुसऱ्या कुशीवर डोलकाठीला घासते.

उंचीसाठी पुस्तकातला आकडा शोधण्यापेक्षा होडीलाच विचारणे बरे. वारा अगदी मंद असताना होडी जमिनीवर किंवा धक्क्याला बांधून ठेवावी, जिब पूर्ण चढवावी आणि तिचा कोपरा हाताने बाजूला ओढून शीड जसे धावताना असेल तसे पसरावे. काठी त्या कोपऱ्यात अडकवून डोलकाठीशी काटकोनात धरावी. तिचे आतले टोक जेथे टेकेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. बहुतेक लहान होड्यांत ही खूण बूम जेथे डोलकाठीला जोडली जाते त्याच्या थोडी वर येते.

काटकोनाचा आग्रह कशासाठी, तर काठी आडवी असली म्हणजे दाब सरळ डोलकाठीत शिरतो. ती तिरपी असली तर त्या दाबाचा काही भाग कड्याला डोलकाठीवरून वर किंवा खाली सरकवण्याचा प्रयत्न करतो आणि तो सारा भार रिव्हेटवर येतो. शिवाय काठीचे बाहेरचे टोक खाली झुकले तर लाटेत बुडण्याची भीती असते.

खूण केल्यावर लगेच छिद्र पाडू नये. चिकटपट्टीने कडे तात्पुरते लावून दोन्ही बाजूंना काठी फिरवून पाहावी. बूम, तिला खाली ओढून धरणारा दोर, डोलकाठीच्या पुढून जाणाऱ्या इतर दोऱ्या यांच्या वाटेत कडे येत असेल तर ते आताच कळते. डोलकाठीतून आत जाणारी दोरी असेल तर ती नेमकी कोठून जाते, याचीही खात्री करून घ्यावी.

छिद्रे, रिव्हेट आणि गंज

आजच्या बहुतेक लहान होड्यांच्या डोलकाठ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पोकळ नळ्या असतात. पातळ पत्र्याची ही नळी सरळ उभ्या दाबाला चांगली टिकते, पण तिच्या घेराभोवती एकाच पातळीवर छिद्रे पाडत गेले तर तेथेच ती मोडते. टपालाच्या तिकिटांचा कागद छिद्रांच्या रांगेवर जसा फाटतो तसेच हे घडते. म्हणून नव्या कड्याची छिद्रे आधीच्या छिद्रांच्या पातळीत येऊ देऊ नयेत. ती एकाखाली एक, थोडी अंतरावर असावीत आणि शक्य तेवढी कमी असावीत.

कड्याच्या पट्टीची मागची बाजू डोलकाठीच्या गोलाईला जुळणारी असावी. सपाट पट्टी गोल नळीवर बसवून रिव्हेट आवळले की ती केवळ मधल्या रेषेवर टेकते. काठीचा सारा धक्का त्या अरुंद रेषेवर येऊन पत्र्याला खळगा पडतो. पट्टी जेवढी नीट टेकेल तेवढा दाब पसरेल.

छिद्र पाडण्यापूर्वी खुणेवर पंच मारून बारीक खळगी करावी, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आधी बारीक आणि मग रिव्हेटच्या मापाचे ड्रिल वापरावे. छिद्र मोठे झाले तर रिव्हेट हलतो आणि हलणारा रिव्हेट छिद्र आणखी मोठे करतो. ड्रिलच्या टोकापासून थोड्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली तर ते किती आत गेले ते कळते आणि आतल्या दोऱ्या कापल्या जात नाहीत. छिद्राच्या कडा साफ कराव्यात आणि आत पडलेला कीस झटकून काढावा.

रिव्हेट गन हे आता अपरिचित हत्यार राहिलेले नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि दारे बनवणाऱ्यांकडे अकोल्यात काय किंवा अमरावतीत काय, ती असतेच. पण तेथे वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट डोलकाठीसाठी वापरू नयेत. खिडकीच्या चौकटीवर भार जवळजवळ नसतो. कड्यावर तो दर लाटेगणिक बदलत असतो. शिवाय अशा रिव्हेटच्या पोटात उरणारी पोलादी खिळी ओलाव्याने गंजते. येथे स्टेनलेस स्टीलचे किंवा निकेल आणि तांब्याच्या मोनेल या मिश्रधातूचे रिव्हेट लागतात. ते कठीण असल्याने लांब दांड्यांची मजबूत गन लागते. हाताची लहान गन त्यांना पुरी पडत नाही.

यापुढचा धोका डोळ्यांना उशिरा दिसतो. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी आले की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते. पोलादी कडे आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियम. कड्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की आतला पत्रा खाल्ला जात आहे असे समजावे. मुंबई-कोकणच्या समुद्रात ही क्रिया जलद होते. धरणाच्या गोड्या पाण्यात ती मंद असते, पण थांबत नाही. त्यासाठी कडे आणि डोलकाठी यांच्यामध्ये नायलॉनची पातळ चकती किंवा झिंक क्रोमेटयुक्त लेप घालतात आणि रिव्हेटही त्याच लेपात बुडवून बसवतात. कड्यासाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घेणे चांगले. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते ३०४ प्रतीपेक्षा खाऱ्या पाण्यात अधिक टिकते.

डोलकाठी लाकडी असेल तर रिव्हेटऐवजी स्क्रू वापरतात. तेथे शत्रू गंज नसून ओलावा असतो. स्क्रूच्या छिद्रातून पाणी मुरले की लाकूड आतून कुजते आणि बाहेरचे वार्निश मात्र चकाकत राहते. म्हणून छिद्र पाडल्यावर त्याच्या भिंतींना इपॉक्सी लावून ते सुकू द्यावे आणि नंतरच सीलंटसह स्क्रू बसवावेत.

लावण्याचा आणि काढण्याचा क्रम

कडे उत्तम बसले तरी काठी वापरण्याचा क्रम चुकला तर त्याचा उपयोग नाही. लावताना आधी जिबच्या कोपऱ्यात काठीचे बाहेरचे टोक अडकवावे, मग काठी बाहेर ढकलत न्यावी आणि शेवटी आतले टोक डोलकाठीच्या कड्यात बसवावे. काढताना हा क्रम उलटा होतो. आधी डोलकाठीवरचे टोक सोडवायचे आणि मग शिडाचे. सोडवण्यापूर्वी जिबची दोरी थोडी सैल केली की कड्यावरचा दाब उतरतो आणि खटका सहज उघडतो.

सर्वांत धोक्याचा क्षण 'जाइब'चा. पाठीमागचा वारा शिडाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की मुख्य शीड बूमसह एका झटक्यात होडी ओलांडून पलीकडे जाते. हे ठरवून केले तर ती कवायत असते आणि नकळत झाले तर अपघात होतो. बूम डोक्यावर बसू शकते, होडी कलंडू शकते. अशा वेळी काठी अडकून राहिली तर जिब सोडता येत नाही आणि उलटू पाहणारी होडी सावरता येत नाही. म्हणून नवशिक्यांनी आधी काठी काढावी आणि मगच जाइब करावी. कडे एका हाताने, क्षणात सुटणारे असावे हा आग्रह त्यासाठीच आहे. वारा वाढत असेल तर काठी लावण्याचा मोह टाळणे हेही कौशल्यच होय.

महासागरातही तेच तत्त्व

लहान होडीत शिकलेले हे तत्त्व महासागरातही बदलत नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली आणि १९ मे २०१० रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. दक्षिणेकडील महासागरांत पश्चिमेचे वारे आठवडेच्या आठवडे पाठीमागून वाहत राहतात. तेथे पुढची दोन शिडे दोन बाजूंना काठ्यांनी पसरून धावण्याची पद्धत एकट्या नावाड्यांमध्ये रूढ आहे. २०२२-२३ ची 'गोल्डन ग्लोब' शर्यत जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी ती वापरली. त्या शर्यतीत टॉमी दुसरे आले.

त्याआधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, याच शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली होती. पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमी यांची तीन दिवसांनी सुटका करण्यात आली. ते संकट वादळाचे होते, कड्याचे नव्हे. पण डोलकाठी गेली की शिडाची नौका केवळ तरंगणारे लाकूड उरते, हे त्यावरून साऱ्या देशाला कळले. म्हणूनच तिच्यात पाडले जाणारे प्रत्येक छिद्र विचारपूर्वक पाडायचे असते.

जलाशयाच्या काठावरून

समुद्र नसला म्हणजे नौकानयन नाही, असे मानण्याचे कारण नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. भोपाळच्या मोठ्या तलावावरील नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकलेली नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली मुलगी. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई खेळांत तिने मुलींच्या 'आयएलसीए-४' वर्गात रौप्यपदक मिळवले. तिच्या होडीला एकच शीड असते, त्यामुळे व्हिस्कर पोलची गरज नसते. पण माळव्याच्या काळ्या मातीतली मुलगी तलावावर शिकून आशियाई पदकापर्यंत पोचू शकते, ही गोष्ट वऱ्हाडच्या काळ्या मातीलाही लागू पडते.

अर्थात उत्साहाबरोबर सावधपणाही हवा. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. ती शिडाची होडी नव्हती. पण पाणी होडीचा प्रकार विचारत नाही. जलाशयावर होडी नेण्यापूर्वी संबंधित खात्याची परवानगी, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि काठावर मदतीला दुसरी होडी या तीन गोष्टी आधी हव्यात. धातूची उंच डोलकाठी उभी करताना वरून विजेची तार जात नाही ना, हे पाहणे ही चौथी.

त्यानंतर येते ते कडे. काम संपल्यावर होडी पाण्यात नेण्याआधी एक चाचणी घ्यावी. काठी कड्यात अडकवून बाहेरच्या टोकावर हाताने जोर द्यावा, वर, खाली आणि आतल्या दिशेने. पट्टी हलली नाही, रिव्हेट कुरकुरला नाही आणि डोळे मिटून एका हाताने खटका सुटला, तर काम नीट झाले असे समजावे. पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला पांढरी भुकटी, सैल रिव्हेट आणि छिद्राभोवतीच्या बारीक चिरा तपासाव्यात. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. भर पाण्यात, पाठीमागचा वारा वाढत असताना आणि काठी सुटत नसताना ती पाच मिनिटे कोणालाही मिळत नाहीत.